मांडीपट्टा

बांग साके,
९ जानेवारी

चि. ऑद,

ताईचा डोक्यावर हात. इकडे आम्ही खुशाल आहोत. तूही तिकडे रोज थोडा थोडा खुशाल होतो आहेस असं मालय फोनवर सांगते, ते खरं मानून चालले आहे.

तुला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी घरच्यांकडून पत्रं मागवली आहेत म्हणे. ती तू मोठ्यानं वाचायची, तुझ्या बायकोनं, मालयनं, ऐकायची आणि अडलास तिथे परत वाचायचं. गंमत बघ. लहानपणापासून तुला 'गप्प बस' म्हणता म्हणता माझं तोंड दुखलं, आणि आता तू बोलावंस म्हणून मी कागद काळे करते आहे. लांबलचक वाक्यं लिहू नका, असंही बाईंनी बजावलंय. प्रयत्न करते. पण आपल्या घराण्यात आखूड बोलायची रीत नाही, हे त्यांना सांग.

पपनसं यंदा इतकी लागली आहेत की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. वारा गार आहे. तुझी कुत्री दुपारभर धक्क्यावर पडून असते आणि इंजिनाचा आवाज आला की उठून उभी राहते. नाव पुढे गेली की परत आडवी. बुनरुआन मावशी नूडल्स ढवळता ढवळता रोज विचारते, "आमचं बेडकाचं पिल्लू काय म्हणतंय?" तुझ्या नावाचा अर्थ तोच असला, तरी चाळिशीला टेकलेल्या माणसाला कोणी असं विचारतं का? मी म्हटलं, "मावशी, पिल्लाचा बेडूक कधीच झाला. आता उड्या मारायच्या थांबल्यात एवढंच." बोलून गेले, आणि मावशी परत नूडल्स ढवळायला लागली.

तुझे दाजी बरे आहेत. काम जरा कमी केलंय.

कमी म्हणजे, बंदच आहे. तुला खोटं कशाला सांगू. शर्यतवाल्या फेटची नवी नाव अंगणात अर्धी बांधून पडली आहे. फळ्या वाफवून, वाकवून ठेवल्यात, पण रंध्याला हात लागत नाही. दाजी सकाळी नावेपाशी जाऊन बसतात, फळीवरून हात फिरवतात, उठतात, हात धुतात आणि जेवायला काय आहे विचारतात. जेवणात लक्ष नसतं. परवा मी आमटीत मीठच घातलं नव्हतं, तरी "छान झालीय" म्हणाले. एरवी याच माणसानं मिठावरून किती भांडणं काढली आहेत, तुला माहीत आहे.

लोकांचं काय, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. पुढच्या चार ओळी मनातल्या मनात वाच, मालयला ऐकवू नकोस. गावात म्हणतात की प्रयुन मिस्त्रीनं वेगाच्या हव्यासापायी फळ्या कागदासारख्या तासल्या आणि नाळ, नावेचं पुढचं टोक, नको इतकी उचलून बांधली. मेहुण्यालाच कागदाच्या होडीत बसवला, म्हणतात. मालयलाही तसंच वाटतं, हे मला ठाऊक आहे. फोनवर ती सगळ्यांची चौकशी करते, फक्त दाजींचं नाव घेत नाही.

तू विचारलंस, त्या दिवशी काय झालं. आदल्या संध्याकाळी आपण बांगडे तळले आणि तू जवळ्याची चटणी एकट्यानं संपवलीस, तिथपर्यंतच तुला आठवतं म्हणे. बरं, सांगते. देवळाच्या जत्रेची शर्यत. शेवटची फेरी, तू आणि फेट. कालव्यावर आडवा वारा सुटला. अर्ध्या अंतरावर तुझी नाळ उचलली गेली आणि नाव मागच्या मागे उलटली. तू बाहेर फेकला गेलास. मनगटाची दोरी निघाली आणि इंजिन बंद पडलं, जसं पडायला हवं तसंच. पाणबुड्यांनी तुला वर काढलं. पुढचं डॉक्टरांनी सांगितलं असेल.

एवढंच झालं. वारा होता.

डाव्या हातानं लिहायला घेतलं आहेस ते सोडू नकोस. मालयला म्हणावं, पपनसं पाठवते आहे, सोलताना पांढरी साल नीट काढ, नाहीतर कडू लागतात आणि माझ्या झाडाला नाव ठेवशील.

तुझी
ताई


बांग साके,
६ फेब्रुवारी

चि. ऑद,

पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद. तुझं पत्र आलं. अक्षरं खेकड्यांसारखी तिरकी चालली आहेत, पण चालली आहेत! मी ते घेऊन धक्क्यापर्यंत पळत गेले, मावशीला दाखवलं. ती म्हणाली, "उजव्या हातानं लिहायचा त्यापेक्षा बरं दिसतंय." खोटं नाही म्हणाली.

मग घरी येऊन ते नीट वाचलं.

तू लिहिलंस की पाणबुड्यांपैकी एकानं मालयला सांगितलं, लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं नव्हतं, उघडं होतं. म्हणजे मांडीचा पट्टा तू लावलाच नव्हतास. तू लिहिलंस, "ताई, तू इतक्या मेहनतीनं तो पट्टा बनवलास आणि मी लावायला विसरलो. मला माफ कर."

ऑद, असं लिहू नकोस. माफ कसलं? मी मोठी आहे, तू लहान आहेस, आणि शर्यतीच्या दिवशी माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. घाईत राहून गेलं असेल. माणूस आहे. तू मालयचीही माफी मागितलीस म्हणे, आणि ती त्यावर दिवसभर रडली. नका रे असं करू. आता झालं ते झालं.

तुला तो पट्टा कसा बनला ते आठवतं का? जुनं आठवतं असं डॉक्टर म्हणाले, म्हणून लिहिते, वाचायला बरं पडेल. सुतिन गेला त्या वर्षीची गोष्ट. त्याची नाव वळणावर आपटली तेव्हा त्याचं जॅकेट पाण्यावर तरंगत राहिलं आणि त्यात सुतिन नव्हता. खालून निसटून गेला होता. मी तेव्हा नुसती गाद्या आणि छपरांची कापडं शिवायची. त्याच्या आईला भेटून आले आणि मशीनसमोर बसले. भंगारातल्या मोटारीचा पट्टा कापून जॅकेटच्या पाठीला शिवला, तो मांड्यांमधून पुढे घेऊन पोटावर बक्कल लावलं. माणूस निसटणार नाही, अगदी उलटा टांगला तरी. दाजींनीच मला आंब्याच्या फांदीला टांगून बघितलं होतं! मी वरून ओरडत होते आणि ते खाली उभे राहून टाके तपासत होते.

चालकांनी किती चेष्टा केली. "ताईचा लंगोट" असंच नाव पाडलं. तू पहिला. भर धक्क्यावर पट्टा कसलास आणि ओरडलास, "मुष्टियोद्धा लंगोटाशिवाय रिंगणात उतरतो का रे? मग मी कसा उतरू?" त्या दिवसापासून कोणी हसलं नाही. पुढे तर नदीकाठच्या गावागावांतून माझ्या जॅकेटांना मागणी आली. मी काय मिरवले असेन! कोणी नाव उलटून सुखरूप आला की मला वाटायचं, मीच त्याला दुसऱ्यांदा जन्माला घातलं.

हे का लिहीत बसले मी?

गावची बातमी अशी की एप्रिलमधल्या नव्या वर्षाच्या शर्यतीआधी देवळाच्या सभामंडपात बैठक आहे. प्रयुन मिस्त्रीच्या नावा शर्यतीत उतरवायच्या की नाहीत, ते गावप्रमुख विचाई सगळ्यांना विचारून ठरवणार. दाजींना निरोप आला तेव्हा ते पायात खिळा गेला का बघत होते. मान वर न करता "येतो" म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही सांगा ना त्यांना, नावेत काही खोट नव्हती." तर माझ्याकडे बघत राहिले. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

त्यांचे वडील नावा बांधायचे, आजोबा बांधायचे. हा माणूस दुसरं काही करू शकत नाही. साधी खुर्ची करायला सांगितली तर तिलाही नाळ काढेल.

इथेच थांबते. तू स्वतःला बोल लावू नकोस. एवढं ताईचं ऐक.

तुझी
ताई


बांग साके,
२१ मार्च

ऑद,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरले नाही. हे पत्र मोठ्यानंच वाच, मालयच्या समोर वाच. एकही ओळ गाळू नकोस.

तू पट्टा विसरला नव्हतास. तू तो लावला होतास. मी सोडला.

आता पहिल्यापासून सांगते. जत्रेच्या आधी आपले वारलेले बाबा स्वप्नात आले. केस ओले, बोलत काही नव्हते, आपल्या पाण्याकडच्या पायरीवर बसून पाय धूत होते. तू म्हणशील, ताई, तू आणि स्वप्नं? ताईत विकणाऱ्यांना दारातून हाकलून देणारी मी. मावशी वाकली की गळ्यातल्या ताइतांचा खुळखुळा वाजतो, म्हणून तिला छळणारी मी. पण मन चिंती ते वैरी न चिंती. तुझ्या नावेला मोठं इंजिन बसलं होतं, तू हवेत होतास, आणि मला राहवेना. मी गुपचूप नदीपलीकडच्या मठात गेले आणि आचार्यांकडून मंतरलेलं कापड आणलं. लाल, हातरुमालाएवढं, मंत्राक्षरांचं यंत्र काढलेलं. मावशीला दिसू नये म्हणून पपनसांच्या पिशवीत तळाशी घालून आणलं. तुझ्या जॅकेटच्या पाठीचं अस्तर उसवलं, कापड आत ठेवलं, परत शिवून टाकलं. तुला सांगितलं नाही. तू हसला असतास आणि दिवसभर गावाला हसवलं असतंस.

सकाळी तरंगत्या धक्क्यावर मी तुझ्या मागे उभी होते. दाजी इंजिनापाशी. नाळेला फुलांच्या माळा आणि रंगीत पट्ट्या बांधून झाल्या होत्या, नावेच्या देवीला उदबत्ती लावून झाली होती. तू पट्टा मांड्यांमधून ओढून पुढे आणलास, बक्कल लावलंस, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. ताईत कमरेखाली जाऊ देऊ नये, तो अंगावर असताना बायकांच्या धुण्याच्या दोरीखालून जाऊ नये, हे आपण चालायला लागायच्या आधी शिकलो. आणि मी काय केलं होतं? देवाच्या अक्षरांचं कापड अशा जॅकेटात शिवलं होतं, ज्याचा पट्टा माणसाच्या मांड्यांमधून जातो. मला वाटलं, मीच ते विटाळलं. आता ते राखायचं सोडून उलटं बाधणार.

"थांब," मी म्हटलं. "पट्टा काढ तो."

"का गं? लंगोट सुटला तर गाव काय काय बघेल!"

"हसू नकोस. पाठीत आचार्यांचं कापड शिवलंय."

तू गर्रकन वळलास. "तू? तू शिवलंस?" इतका खूश झालास, ऑद. "मावशीला सांगू?"

"सांगितलंस तर जीभ हासडीन. पट्टा काढ आधी."

"अगं पण ताई, पट्ट्याशिवाय..."

"मी बनवलाय ना तो? मला कळतं. एका फेरीनं काही होत नाही."

तू खांदे उडवलेस. "बरं बाई. तूच बनवलास, तूच सांगतेस."

तू हात वर धरलेस, मी वाकले आणि माझ्या हातानं बक्कल उघडलं. पट्टा फडफडू नये म्हणून घडी घालून मागे खोचला, नीटनेटका. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तू त्याला धक्क्यावरून पाण्यात ढकलला असतास. मी बनवणारी होते म्हणून ऐकलंस. तुझा माझ्या शिलाईवर जो भरवसा होता, त्याच्यावरच मी घाव घातला.

नाव वाऱ्यानं उलटली हे खरं आहे. पण आपल्याकडे नाव कोणाची उलटत नाही? उलटते, माणूस पाण्यावर आपटतो, थुंकत वर येतो, बायकोच्या शिव्या खातो आणि संध्याकाळी मावशीकडे नूडल्स खातो. तूही तसाच आला असतास. जॅकेट खालून मोकळं होतं, पाण्यानं ते वर ओढलं, ते हेल्मेटात अडकलं, तुझे हात वर अडकले, मान पिरगळली आणि मग ते निघूनच गेलं. जॅकेट वर तरंगत होतं आणि तू गढूळ पाण्यात खाली. सुतिनचं झालं तसंच. ज्यासाठी मी तो पट्टा बनवला होता, अगदी तेच.

आणि आता हसशील तर हस. कापड हेल्मेटात ठेवता आलं असतं. डोकं, सगळ्यात वरचं, सगळ्यात पवित्र. अस्तराखाली चिकटवलं असतं की झालं. विटाळ नाही, काही नाही, आणि पट्टा जागच्या जागी. लहान पोरालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मी जॅकेटं शिवते. माझी सुई जिथे जाते तिथे मी शिवलं. हे मला तू दवाखान्यात असताना, भांडी घासताना सुचलं आणि हातातलं पातेलं तसंच राहिलं.

अजून एक आहे. जॅकेट मला आणून दिलं तेव्हा मी काय केलं? तू शुद्धीवर यायचा होतास. मी अस्तर उसवलं, कापड काढून कालव्यात सोडलं आणि अस्तर परत शिवलं. इतकं सफाईनं की कोणाला टाका दिसू नये. एवढी अक्कल तेव्हा मात्र होती मला. तुझ्यासाठी रडत होते हेही खरं, आणि टाके लपवत होते हेही खरं. त्यानंतर गाव दाजींना बोलत राहिलं आणि मी ऐकत राहिले. तू माझी माफी मागितलीस, आणि मी तुला लिहिलं, "घाईत राहून गेलं असेल." हे लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय. पण मेलेले लिहीत नाहीत, तेव्हा लिहिते.

आता बैठकीचं सांगते. हे आधी तुला सांगायला हवं होतं. भ्याले.

सभामंडप भरला होता. विचाई प्रमुखांनी विचारलं, "मिस्त्री, तुमचं काय म्हणणं?" मला वाटलं, दाजी सांगतील, फळ्या मोजून बघा, नाळ मोजून बघा. ते उठले, आधी बुद्धमूर्तीला हात जोडले, मग लोकांना. म्हणाले, "नाळ मी जास्त उचलली. चूक माझी. यापुढे शर्यतीची नाव बांधणार नाही." आणि खाली बसले.

ऑद, तुझे दाजी आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. मी बिघडवलेल्या आमटीला छान म्हणाले तेवढंच. तो माणूस मूर्तीसमोर, भिक्खूंसमोर हात जोडून खोटं बोलला. मी कधी उठले मला कळलं नाही. सगळं सांगितलं. स्वप्न, कापड, बक्कल, सगळं. लोकांकडे बघता येत नव्हतं म्हणून चटईकडे बघून बोलले.

घरी येताना मी पुढे, ते मागे. पुलावर मी विचारलं, "तुम्हाला धक्का नाही बसला?"

"मी इंजिनापाशीच होतो," ते म्हणाले. "बघितलं होतं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुझं जॅकेट पुन्हा कोणी अंगात घातलं असतं का? नाव काय, कोणीही बांधतो." मग थांबले. "आणि वाटलं, तू सांगशील. आज सांगशील, उद्या सांगशील. कंटाळलो गं मी वाट बघून."

तो "कंटाळलो" मला अजून ऐकू येतो. रागावले असते तर बरं झालं असतं. रंधा हातात घेतलाय त्यांनी परवापासून, पण माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बोलू देत. मला घाई करायचा हक्क नाही.

तुला वाटेल, चला, संपलं. गावानं मला शिव्या दिल्या असतील, नाक घासायला लावलं असेल. तसं झालं असतं तर मी हे पत्र इथेच संपवलं असतं.

मी बोलून खाली बसले. मग बुनरुआन मावशी छातीवर हात ठेवून ओरडली, "अगं, म्हणजे पाठीत आचार्यांचं कापड होतं? म्हणूनच वाचलं पोर! एवढ्या वेळ पाण्याखाली राहून कोणी जगतं का?" झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी म्हणालं, पट्टा सोडला तेच बरं केलं, नाहीतर कापड बाटलं असतं आणि ऑद गेलाच असता. मी ओरडत होते, "अहो, पट्टा असता तर त्याला काही झालंच नसतं!" कोण ऐकतंय! दाजी निर्दोष सुटले आणि मीही सुटले. कसे, तर मी किती भाविक, म्हणून!

दुसऱ्या दिवशी फेट दारात. हातात जॅकेट. हात जोडून म्हणतो, "ताई, मलाही तसंच कापड शिवून द्या. आणि पट्टा काढून टाका, उगीच विटाळ नको."

"फेट, माझ्या भावाला नीट बोलता येत नाही. उजवा हात उचलत नाही. कशामुळे ते सांगितलं ना काल?"

"पण जिवंत आहे ना, ताई? सुतिन कुठे आहे?"

मी त्याचं जॅकेट हिसकावून आत नेलं आणि दार लावलं. तेव्हापासून आणखी तिघे येऊन गेले. मी म्हणते, कापड हवं तर हेल्मेटात लावा, पट्टा सोडायचा नाही. ते मान डोलावतात, आणि पलीकडच्या गावातल्या शिंप्याकडे जातात. नव्या वर्षाच्या शर्यतीत किती पट्टे सुटलेले असतील, मला सांगता येत नाही. एक चूक मी लपवली तोवर ती माझी होती. सांगितली, आणि गावानं तिला नवसाला पावणारी करून टाकली.

आता मागते. मागायला तोंड नाही, तरी मागते. शर्यतीआधी एकदा इकडे ये. डॉक्टर परवानगी देतील असं मालय मागे म्हणाली होती. धक्क्यावर उभा राहा आणि तुझ्या तोंडानं सांग, की पट्टा लावा. माझं कोणी ऐकत नाही, दाजींचं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील, कारण तू 'वाचलेला' आहेस. तू अडखळशील. 'पट्टा' म्हणायला तुला किती वेळ लागतो ते मालयनं मला फोनवर ऐकवलंय. तेवढा वेळ सगळं गाव तुझ्याकडे बघत उभं राहील. जे चालक शर्यतीत तुझ्या पुढे जाऊ शकत नव्हते, ते तुझ्या शब्दाची वाट बघत थांबतील. ते तुला किती बोचेल हे मला कळतं. तुझा हात, तुझी जीभ माझ्यामुळे गेली, आणि आता तीच तू लोकांना दाखवावीस, हेही मीच मागते आहे. एवढी निर्लज्ज झाले आहे मी. पण फेट पुढच्या महिन्यात पाण्यात उतरणार आहे आणि त्याच्या बायकोला दिवस गेले आहेत.

नाही आलास तरी चालेल. हे पत्र वाचून फाडून टाकलंस तरी चालेल. मालय, तू ऐकत असशील तर, दाजींवर जो राग धरलास तो सोड आणि काय ते सगळं मला बोल. माझं काही म्हणणं नाही.

आणि आलास तर, ऑद, मी धक्क्यावर पुढे येणार नाही. तुला उतरवून घ्यायला दाजी असतील. मी मावशीच्या दुकानामागे उभी असेन. तू बोलावशील तेव्हाच येईन. बोलावलं नाहीस तर तुझं बोलणं तिथूनच ऐकेन आणि घरी जाईन.

तू म्हणशील तीच,
लामदुआन